आईने शिवलेलं खोगीर

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. एप्रिल महिना, मढचा किनारा... आणि मामाच्या घोडीच्या पाठीवर रुपयाएवढी जखम!

घोडीचं नाव शेवंती. रविवारी ती पोरांना घेऊन फेऱ्या मारायची, आणि तिथल्या बंगल्यांवर शूटिंग असलं की तिकडे भाड्याने जायची. मामाचं घर तिच्यावरच चालायचं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सुट्टी मिळाली की कांदिवलीहून मढला पळायचे. शेवंतीवर सगळ्यात जास्त मीच बसायचे, त्यामुळे ती जखम पाहून मला रडूच आलं.

गुरांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, दोष जिनाचा आहे. मामाच्या जुन्या जिनात, म्हणजे चामड्याच्या खोगिरात, लाकडी सांगाडा होता आणि शेवंतीची पाठ चांगली रुंद... तो सांगाडा तिला रुतत होता. महिनाभर विश्रांती द्या म्हणाले, आणि हे जीन पुन्हा घातलंत तर घोडी कामातून जाईल.

आणि दीड महिन्याने आठ दिवसांचं मोठं शूटिंग ठरलेलं! म्हणजे तोवर दुसरं जीन हवंच. तेही परवडणारं.

जोगेश्वरीला घोड्यांचं सामान बनवणारे एक म्हातारे चाचा होते. मी आणि मामा त्यांच्याकडे गेलो. निघताना मी एक जाड तार शेवंतीच्या पाठीवर वाकवून तिचा आकार सोबत घेतला होता.

मामाने गेल्या गेल्या एक सेकंडहँड इंग्लिश जीन उचललं. चामडं असं चकाचक की त्यात तोंड दिसावं. मी तार त्याच्याखाली धरून बघितली... आकार जुळेचना. त्यातही लाकडी सांगाडाच, फक्त वरून सुंदर.

मग चाचांनी माळ्यावरून एक खोगीर काढलं. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड थर, वरून कॅनव्हास, आत सांगाडा नाहीच. कुणीतरी ऑर्डर देऊन न्यायलाच आलं नव्हतं. किंमत त्या चामड्याच्या जिनाच्या निम्म्याहून कमी!

"बेटी, ये पीठ के हिसाब से मुड़ेगा," चाचा म्हणाले.

मामाचं तोंड वाकडं. "ह्या काय खोगीर? गादी आसा ती! शूटिंगवाले हसतले."

"मामा, बसणार कुणीही, पण दुखणार तिला. शूटिंगवाल्यांचं काय जातंय?" मी अडूनच बसले. शेवटी तेच घेतलं.

पाठ पूर्ण भरून आल्यावर ट्रायल घेतली. खोगिराखाली मामाचा पांढरा पंचा अंथरला आणि वाळूत अर्धा तास फिरवून आणली तिला. जिथे खोगीर टेकतं तिथे घामाची ओल उमटते, हे चाचांनीच सांगितलं होतं.

पंचा काढला... आणि बरोब्बर मधोमध लांबच्या लांब ओला पट्टा! म्हणजे माझं सगळं वजन थेट तिच्या कण्यावर. वाट लागली!

पंचा घेऊन तशीच कांदिवलीला घरी आले आणि आईसमोर आपटला. आई तेव्हा दहिसरच्या एका कारखान्यासाठी घरी शाळेची दप्तरं शिवायची. घोड्यांशी तिचा संबंध शून्य. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मधली जागा मोकळी हवी, इतकंच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर मढला. शेवंतीच्या कण्यावर बोटं ठेवून म्हणाली, चार बोटं जागा सोडू.

खोगीर घरी आणून तिने कॅनव्हासचे दोन लांब लोड शिवले, नमद्याच्या तुकड्यांनी भरले आणि खोगिराच्या खालून दोन बाजूंना लावले. पहिल्या फेरीत ते दबले. तिने उसवले, पुन्हा ठासून भरले. तीन दिवस मशीनवर दुसरं कामच नाही.

मग तिचं लक्ष रिकिबीच्या, म्हणजे पाय अडकवायच्या कडीच्या, वादीकडे गेलं. "अगं, दप्तराचा पट्टा अरुंद असला की पोरांच्या खांद्यावर वळ उठतात. हिला नाही उठणार?" असं म्हणत तिने वादीखाली वीतभर रुंद पट्टी टाकली. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं... चाचांच्याही नाही.

पुन्हा पंचा, पुन्हा अर्धा तास. या वेळी दोन बाजूंना दोन ओले डाग आणि मधली पट्टी कोरडी ठणठणीत! मामाने तो पंचा उन्हात धरला आणि सोबत आलेल्या आईला दाखवला. "ताई, जमला गो!" म्हणाला.

शूटिंगचे आठही दिवस शेवंती झकास पळाली. पाठीवर साधा ओरखडा नाही. शेवटच्या दिवशी बाकीचे घोडे घेऊन आलेल्या माणसाने आमच्या खोगिराची कड उचलून खाली हात घातला. "किसने बनाया ये?"

मामा छाती फुगवून म्हणाला, "मेरी बहन ने!"

आई डबा घेऊन आली होती, सुरूच्या झाडाच्या सावलीत उभी होती. तो माणूस तिच्याकडे गेला आणि आपल्या दोन घोड्यांसाठीही असंच शिवून द्या, माप सांगतो, असं म्हणाला. आईने पदर खोचला. "माप बाद में. पहले पीठ देखने दो." आणि त्या उंच काळ्या घोड्यापाशी जाऊन तिने खुशाल त्याच्या कण्यावरून हात फिरवला.

पुढे मढच्या चार-पाच घोड्यांची खोगिरं तिने शिवली. मला मात्र तो सुरूखालचा क्षणच जास्त आठवतो... तो घोडेवाला हात बांधून उभा, आणि माझी सातवी शिकलेली आई त्याला पाठ कशी बघायची ते समजावतेय. मी आईला रोज काम करताना बघत होते, पण ती केवढी मोठी कारागीर आहे हे मला त्या दिवशी कळलं. अभिमानाने ऊर भरून आला, आणि हे कळायला इतकी वर्षं लागली याची थोडी लाजही वाटली.