गोळी घेऊन भिंतीकडे तोंड

आमच्या कामगार संघटनेतला रंगारी पन्नाशी उलटलेला. त्यानं रंगवलेल्या भिंतीवर ब्रशचा ओरखडा शोधून दाखवा, मी संघटना सोडतो. पण यंदा गडी पार उतरला. बायकोजवळ जमेना म्हणून डॉक्टरांकडून गोळी लिहून आणली. ती लागू पडेना, म्हणून हा अर्धवट रंगवलेल्या घरांतच मुक्काम ठोकू लागला. बायकोला वाटलं, ह्याचं बाहेर काहीतरी चालू आहे. ती माहेरी जायची भाषा करू लागली, तेव्हा कुठे तो माझ्याकडे आला.

"भाऊ, मेडिकलवाले नकली माल विकतात. मोर्चा काढा."

माझं डोकं फिरायला एवढं पुरे. त्याला दंडाला धरून दुकानात नेलं, गोळ्यांची पट्टी काउंटरवर आपटली. मेडिकलवाल्या बाईंनी ती निरखून पाहिली.

"माल अस्सल आहे. आवाज खाली करा. घेता कशी?"

रंगारी खाली बघत म्हणाला, "तुडुंब जेवून. मग भिंतीकडे तोंड करून पडतो. बायकोला सांगतो, लांब राहा, हात लावू नकोस."

"ते का?"

"लागू पडेपर्यंत थांबायला नको? ओल्या रंगाला आम्ही बोट लावू देतो का?"

मी खोकून हसू दाबलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "अहो, गोळी नुसती वाट मोकळी करते. इच्छा तुमचीच लागते, ती येते जवळ बसून, बोलून. आणि भरल्या पोटी गोळी उशिरा, कमी लागू पडते. बायकोला सांगितलंय?"

"तिला काय सांगायचं?"

"मग तिनं काय समजायचं?" मीच खेकसलो.

"तरीही जमलं नाही तर डॉक्टरांकडे परत जा, साखर तपासा. मनानं दोन-दोन घेऊ नका," बाई म्हणाल्या.

संताप आला तो याचा, की डॉक्टरांनी चिठ्ठी फाडून हातात दिली, हे चार शब्द काही दिले नाहीत. आणि आपले पुरुष विचारतील तर शपथ.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "मेल्या, मला वाटलं तुला माझा कंटाळा आला." गोळी तशीच राहिली. दोघं बोलत बसले.

पुढे गोळी लागू पडली म्हणे. दरवेळी नाही, पण पडते. साखर वाढलेली निघाली, तिचंही औषध चालू आहे. हल्ली उजेड असतानाच तो शिडीवरून उतरतो. घरमालक म्हणाला, एवढी खिडकी उरकून जा. "उद्या," हा म्हणाला, "घरी बायको वाट बघतेय."