स्टँडवरची म्हातारी

मृत्यूनंतर तरी माणसाची सगळ्यांना नीट ओळख पटते, अशी माझी समजूत होती. सेलूच्या बसस्टँडवरची म्हातारी एका सकाळी बाकावर बसल्या जागीच गेली, तेव्हा ती समजूतही गेली.

ती रोज मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसायची आणि दिसेल त्याला विचारायची, "कोणाचा व्हय रे तू?" उत्तर मिळालं की थेट त्याच्या आजोळापर्यंत पोचायची. मला तर तिनं न विचारताच सांगितलं, "रोहण्याच्या मास्तरचा नातू नोय का तू? नाक तेच हाये."

एकदा मीच विचारलं, "आजी, तुमचं गाव कोणतं?"

"माही बस आली का मंग सांगतो," ती म्हणाली. बस येत, जात. ती बसूनच राही.

हवालदार मोबाइलवर तिचा फोटो घेऊन फिरला. चहावाला म्हणाला, "साहेब, तिले माह्या सासऱ्याचं नाव मालूम होतं. मले तिचं नाई मालूम."

तीन दिवसांत कोणी आलं नाही, तर तिला बेवारस ठरवणार होते. म्हणून एका भावी नगरसेवकानं स्टँडवर फ्लेक्स लावला, 'ओळख पटवा'. तिचा फोटो तळहाताएवढा, त्याचा पुरुषभर. खाली अकरा कार्यकर्त्यांची नावं आणि हवालदाराचा नंबर.

चौथ्या दिवशी पोलिसांनीच तिचा अंत्यविधी उरकला. तोवर हवालदाराला फोन एकच आला होता. एक कार्यकर्ता विचारत होता, "फ्लेक्सवर माहं नाव काऊन नाई?"