दयानंद सर आणि अडकणारा कंप्युटर

अहमदपुरात दयानंद सरांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस सोफ्यावर टेकला की दचकतो, कारण सोफा करकरतो. सोफा मोडका नाही, नवा आहे. म्हणजे वास्तुशांतीला सरांच्या बायकोच्या, उज्वलाबाईंच्या भावानं दिला तेव्हा नवा होता, आणि सरांच्या मते अजूनही नवाच आहे, कारण त्याच्यावरचं प्लास्टिक आजवर कुणी काढलेलं नाही. उन्हाळ्यात पाहुणा त्या प्लास्टिकला चिकटून बसतो. उठताना सालपटं निघाल्यासारखा आवाज येतो आणि सर समाधानानं सांगतात, "कव्हर आहे म्हणून टिकलंय."

सोफ्याचं जे, तेच फ्रिजच्या दाराचं, मोटारसायकलच्या सीटचं आणि मिक्सरच्या बटणांचं. रिमोटला पिशवी, पिशवीला रबर. लग्नात आलेला डिनर सेट खोक्यातून कधी निघालाच नाही, त्यामुळे त्याच्यातली एकही बशी फुटली नाही, हे सर चारचौघांत अभिमानानं सांगतात. आता, गावात नव्या वस्तूचं प्लास्टिक कोण लगेच काढतं? कुणीच नाही. गाडीला हार घालतात, लिंबू बांधतात, सीटचं कव्हर मात्र ऊन-पावसानं फाटेपर्यंत ठेवतात. पण बाकीच्यांची ती सवय, सरांचं ते तत्त्व. फाटलं तर सर चिकटपट्टी लावतात.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात आणि झकास शिकवतात. आठवीच्या वर्गात ते विचारतात, "तांबं?" वर्ग ओरडतो, "सुवाहक!" "प्लास्टिक?" "दुर्वाहक!" ज्याचं चुकेल त्याच्याकडे सर चष्म्यावरून नुसतं बघतात. तेवढ्यानं पोराची पुढची काही वर्षं शंका विचारायची हौस फिटते. बाजारात, बँकेत, एसटी स्टँडवर जिकडं तिकडं त्यांचे विद्यार्थी, आणि सगळे अजून त्यांना बघून सायकलवरून उतरतात. आता सायकल कुणाकडं नाही, म्हणून मोटारसायकलवरून उतरतात.

अशा सरांची एकुलती एक मुलगी ऋतुजा डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत मागं पडली.

लातूर जिल्ह्यात हे म्हणजे घरात साप निघाल्यासारखं. जो तो काठी घेऊन धावतो. कुणी म्हणालं क्लास बदला, बदलला. कुणी म्हणालं होस्टेल बदला, तेही झालं. कुणी ब्राह्मी आणून दिली, कुणी अभ्यासाचं टेबल पूर्वेकडं वळवलं. मावशीनं निदान केलं की पोरगी केस मोकळे सोडते म्हणून लक्ष लागत नाही. आमच्याकडं रेड्याबद्दल म्हणतात तसं, रोग हल्याला अन् इंजेक्शन पखालीला. टोचणारे हात पुष्कळ होते, पण पोरीला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या खेपेलाही मार्क तेवढेच आले.

ऋतुजाचं डोकं चालायचं ते दुसरीकडं. चौघांची टोळी करून खेळायच्या एका बंदुकांच्या खेळात शत्रू कोणत्या भिंतीआडून निघणार हे तिला आधी कळायचं. मोबाइलवरचा तिचा खेळ बघून नांदेडच्या एका टीमनं तिला चाचणीला बोलावलं. चाचणी रविवारी सकाळी, घरी बसूनच द्यायची, पण कंप्युटरवर. सरांनी विचार केला, उज्वलाबाईंनी डोळे पुसले, आणि शेवटी ठराव झाला. टीमनं घेतलं तर ऋतुजानं नांदेडला राहायचं, बीसीए करायचं आणि खेळायचं. नाही घेतलं तर खेळ कायमचा बंद आणि पुन्हा लातूरचा रिपीटर क्लास, तिसऱ्यांदा. सरांनी हे कबूल केलं, कारण ती निवडली जाणार नाही याची त्यांना मनातून खात्री होती.

कंप्युटर आला अक्षय तृतीयेला. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून विरूपाक्ष सुटे भाग घेऊन स्वतः आला. हा सरांचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. त्यानं सतरंजीवर भाग मांडले. उज्वलाबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि नारळ अंगणात फोडला, कारण पाणी उडेल अशी विरूपाक्षला धास्ती होती. प्रोसेसर बसला. त्याच्यावर पंखा बसवायचा, म्हणजे तांब्याची चकती असलेला तो जाडजूड ठोकळा, जो प्रोसेसरची उष्णता ओढून घेतो. विरूपाक्षनं हात पुढं केला, तसे सर म्हणाले, "दे इकडं. शुभारंभ माझ्या हातून."

"सर, मी लावतो की. मला रोजचं हाय."

"तुझी प्रयोगवही मी तपासलीय, विरूपाक्ष."

विरूपाक्ष तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. तरी त्याचे कान लाल झाले. त्यानं पंखा मुकाट्यानं दिला आणि स्क्रू शोधायच्या निमित्तानं मान खाली घातली. चकतीवर पारदर्शक पापुद्रा होता आणि त्यावर लाल इंग्रजी अक्षरं होती. सरांनी ती वाचली. लावण्याआधी काढून टाकावे. सर मनाशी हसले. कंपनीवाले असं सगळ्यावरच लिहितात, वस्तू लवकर खराब व्हावी आणि माणसानं दुसरी घ्यावी म्हणून. त्यांनी पापुद्रा नीट चेपून बसवला, एक बुडबुडा होता तोही अंगठ्यानं काढला, वरून विरूपाक्षनं दिलेली, उष्णता पुढं नेणारी पांढरी पेस्ट लावली आणि स्क्रू आवळले.

कंप्युटर सुरू झाला. खेळही सुरू झाला. जरा वेळ बरा चालला आणि मग अडकायला लागला. पडद्यावरचा शिपाई चिखलातून चालल्यासारखा पाय उचलायचा. ऋतुजा गोळी झाडायची, पण ती सुटेपर्यंत समोरच्यानं हिलाच मारलेलं असायचं.

विरूपाक्षचं निदान तयार होतं. "सर, ग्राफिक्स कार्ड कमी पडायलंय." त्यानं मोठं कार्ड आणून बसवलं. त्याला रंगीबेरंगी दिवे होते. शेजारपाजारचे बघून गेले. खेळ होता तसाच अडकत राहिला, फक्त आता दिव्यांच्या झगमगाटात अडकायला लागला.

मग ऋतुजानं स्वतः तपासायचं ठरवलं. तिनं पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचे आणि तापमानाचे आकडे लावले आणि खेळातलं चित्र मुद्दाम लहान आणि साधं केलं. कार्ड दमत असतं, तर त्याचं ओझं उतरल्यावर खेळ पळाला असता. पण वेग जिथं होता तिथंच राहिला, आणि कार्ड तर निम्म्याहून जास्त रिकामं बसलेलं दिसलं.

"आई, तू भाकरी थापते अन् मी भाजते, तसं हाय हे," ती उज्वलाबाईंना म्हणाली. "प्रोसेसर थापतो, कार्ड भाजतं. थापायलाच उशीर लागला तर तवा केवढा बी आणा, रिकामाच तापंल."

उज्वलाबाईंना लगेच कळलं. सर म्हणाले, "उदाहरण चांगलं आहे," आणि वर्गात वापरायला लक्षात ठेवलं.

"पप्पा, प्रोसेसर लई तापायलाय. आकडा बघा. तापला की तो आपोआप हळू होतो."

"मे महिना आहे बाळा. अहमदपुरात माणसं तापतात, तो तर प्रोसेसर."

तेव्हा उपाय सुरू झाले. बैठकीतला मोठा कूलर कंप्युटरच्या डब्याच्या पुढ्यात आला आणि घरातली माणसं घामानं निथळत कंप्युटरला वारा घालू लागली. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं कंप्युटर दक्षिणेला आहे असं लक्षात आणून दिलं. डब्याची दिशा बदलली. स्टॅबिलायझर आला. विरूपाक्षनं पुन्हा येऊन एकेक भाग काढून पाहिला, आणि पंख्यापाशी त्याचा हात थांबला.

"हे सरांनी बसवलंय," तो ऋतुजाला हळूच म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुट्टीतलं शाळेचं काम आटोपून सर दुपारी घरी आले. मायलेकी चाकूरला डोहाळजेवणाला गेल्या होत्या. निदान धूळ तरी झटकू म्हणून सरांनी डबा उघडला. पंखा नीट पुसता येईना, म्हणून त्याचे स्क्रू काढले. ठोकळा उचलला. पेस्ट दाबली जाऊन कडेला सरकली होती आणि त्यांचाच पापुद्रा त्यांच्याकडं बघत होता. उष्णतेनं तो सुरकुतला होता, लाल अक्षरं मात्र ठळक होती.

सरांना जे कळायचं ते एका क्षणात कळलं. तांबं सुवाहक. प्लास्टिक दुर्वाहक. सगळा वर्ग एका सुरात ओरडल्यागत त्यांच्या कानात झालं.

ते खाली सतरंजीवर बसले. आधी लाज वाटली. मग त्या लाजेच्या मागून एक विचार आला, आणि तो इतका सभ्यपणे आला की सरांनी त्याला बसायला जागा दिली. उद्याची चाचणी. कंप्युटर असाच राहिला तर ऋतुजा निवडली जाणार नाही. ठरावाप्रमाणे ती लातूरला जाईल, डॉक्टर होईल, पुढं केव्हातरी वडिलांचे आभार मानेल. आणि विज्ञानाच्या मास्तरनं तांब्यावर प्लास्टिक लावलं हे अहमदपुरात कधीच कुणाला कळणार नाही. यात लबाडी कुठं आहे? आपण नवीन काहीच करत नाही, होतं तसं ठेवतो आहोत. होतं तसं ठेवणं हे तर आपलं तत्त्वच.

सरांनी पंखा पापुद्र्यासकट परत बसवला. घाईत धुळीचं फडकं तिथंच राहिलं.

संध्याकाळी ऋतुजा आली ती थेट कंप्युटरपुढं बसली. एक डाव खेळली, अडकली, मेली. दुसरा खेळली. मग माउस बाजूला ठेवून म्हणाली, "पप्पा, उद्या क्लासवाल्यांना फोन करून टाका."

"का गं? चाचणी तर होऊ दे."

"कंप्युटरमधी खोट न्हाई. तापणं उन्हाचंच, तुम्हीच म्हणला. विरूपाक्षदादानं सगळं काढून बघितलं. पंखा तर तुम्ही बसवलेला, तो बरोबरच असणार." ती पडद्याकडं बघत बोलत होती. "माझाच हात हळू हाय. परीक्षेतबी तेच होतं ना. मीच कमी पडते, पप्पा. उगंच तुम्हाला खर्चात घातलं."

ती रडत नव्हती. वर्गात एखादं पोर फळ्यावरचं उतरवून घेतं तसं तिनं हे स्वतःबद्दल उतरवून घेतलं होतं. मार्क कमी पडले तेव्हाही तिनं असंच म्हटलं होतं, आणि तेव्हा सरांना ते खरंच वाटलं होतं. आज ते खोटं आहे हे ठाऊक असलेला माणूस साऱ्या जगात एकच होता, आणि तो तिचा बाप होता.

"ऊठ जरा," सर म्हणाले. "कंप्युटर बंद कर."

त्यांनी डबा उघडला, स्क्रू काढले, ठोकळा उचलला आणि तिच्यासमोर धरला. मग नखानं कोपरा उचकटून तो पापुद्रा ओढून काढला. उभ्या आयुष्यात त्यांनी असं काही पहिल्यांदाच केलं असावं. खालचं तांबं नव्या पैशासारखं चमकलं.

"माझी चूक होती. तुझी न्हाई," सर म्हणाले. घरात शुद्ध बोलणारे सर अशा वेळी त्यांच्या आईच्या भाषेत बोलायचे.

ऋतुजानं पापुद्रा हातात घेतला, अक्षरं वाचली. ती हसेल असं सरांना वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं बाजूला राहिलेल्या धुळीच्या फडक्याकडं पाहिलं, स्टुलावरच्या पेचकसाकडं पाहिलं.

"हे तुम्हाला दुपारीच दिसलं होतं का?"

सरांना नाही म्हणता आलं असतं. तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यामुळं चांगली थाप कशी मारतात हेही त्यांना माहीत होतं.

"व्हय," ते म्हणाले.

ऋतुजानं फडकं उचललं. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, पंखा स्वतः बसवला. खेळ लावला तेव्हा शिपाई असा धावला की स्वयंपाकघरातून बघायला आलेल्या उज्वलाबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

रविवारी चाचणी झाली. टीमनं ऋतुजाला घेतलं, पण राखीव खेळाडू म्हणून. एरवी सरांनी लगेच विचारलं असतं, राखीव का, पहिल्या चौघांत का नाही. तो प्रश्न ओठापर्यंत आलाही. त्यांनी तो गिळला, मोबाइल उचलला आणि तिच्यासमोरच विरूपाक्षला लावला.

"विरूपाक्ष, कार्डात दोष नव्हता. पंख्याखालचं प्लास्टिक मीच काढलं नव्हतं."

पलीकडून आवाज आला, "मला वाटलंच होतं, सर."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्हाला कसं बोलणार, सर?"

सरांनी फोन ठेवला. विरूपाक्षच्या आवाजात टोमणा नव्हता, खरा आदर होता, आणि तोच आदर त्यांना बोचला. एवढी वर्षं सगळं गाव आपल्यापुढं गाडीवरून उतरतं, याचा त्यांना कोण आनंद होता. उतरून माणसं गप्प उभी राहतात, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी लेकीकडं पाहिलं.

"ऋतू, तुझंबी काही बोलायचं राहिलंय का?"

ऋतुजा उठली. सोफ्याजवळ गेली, प्लास्टिकला कोपऱ्यातून हात घातला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टरकन ओढून काढलं. खालचं कापड निळं होतं. हे त्या घरात फक्त उज्वलाबाईंना आठवत होतं.

"बसा, पप्पा," ती म्हणाली. "बोलायचं लई हाय."