बापाशी संबंध नाही

"हिच्या बापानं ढोराले विष घातलं होतं."

भरतीच्या कारकुनानं पोलिसाचा कागद एवढ्या मोठ्यानं वाचला की रांगेतल्या बायका माझ्यापासून सरकल्या. भिलाईत कारखाना उभा राहत होता. एका ठेकेदाराच्या दवाखान्यात आयाच्या कामाला मला निवडलं होतं, फक्त हा कागद यायचा होता. कारकून नागपूरकडचाच, मराठी. माझं आडनाव कळल्यापासून तो माझे कागद चिमटीत धरत होता.

खरं काय ते सांगते. आम्ही धम्म घेतला आणि बानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. महिनाभरात पाटलाचा बैल मेला. पाटलानं ठाण्यात बाचं नाव घेतलं. चार दिवस बाला कोंडलं, झोडपलं, आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. खटला झाला नाही, पण वहीत नाव राहिलं. आम्ही गाव सोडलं, इथं भिलाईला लागून रुआबांध्याला झोपडी टाकली. तरी ते नाव मागं आलंच.

"दवाखान्यात औषधं रायतात," कारकून म्हणाला. "विषवाल्याची पोरगी कशी ठेवू?"

रांगेत कोणीतरी हसलं. त्या क्षणी मला बाचाच राग आला. पाटलाचा यायला हवा होता, आला बाचा. त्याची मला आजही लाज वाटते.

मग कारकुनानंच तोड काढली. माझ्या नावानं अर्ज लिहिला, शाईचं पॅड पुढं सरकवलं.

"अंगठा लाव."

"काय लिवलं, साहेब?"

"बाप गुन्हेगार हाय, त्याच्याशी संबंध नाही, त्याले घरात ठेवत नाही. बस."

बा माझ्यासोबत आला होता, दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

"दे पोरी अंगठा," तो म्हणाला. "कागदच तं हाय. मी राईन कुठंबी."

चार दिवस मार खाऊन ज्यानं गुन्हा कबूल केला नव्हता, तो माझ्या नोकरीसाठी मान खाली घालून कबूल करत होता. माझं डोकं फिरलं. अंगठ्याला शाई लागली होती, ती मी लुगड्याला पुसली.

"तुले नोकरी पायजे का बाप पायजे?" कारकून ओरडला.

"साहेब, पाटलाची चौकशी कोनं केली?"

त्यानं पुढच्या बाईला हाक मारली.

नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधकामावर रेजा, म्हणजे मजूरबाई, म्हणून मातीची टोपली डोक्यावर घेतली. ते आयाचं काम मला फार हवं होतं, खोटं कशाला बोलू? बा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या लोकांच्या विहारात जाऊन पाटी घेऊन बसले. बायका हसल्या, एवढी घोडी झाली आणि आता शिकते म्हणून. हसू दे. मला गावच्या ठाण्यात जायचं आहे. पाटलानं काय लिहून दिलं ते माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे, आणि त्याच्याखाली माझ्या हातानं लिहायचं आहे की हे खोटं आहे. ठाणेदार हाकलेल. मी पायरीवर बसेन. उचलून फेकलं तर परत येऊन बसेन.