भिंतीपलीकडची मासळी

तर भिंत उभी राहिली ती मासळीवरून, इथवर काल आलो होतो. कळमनुरीच्या मंजुळाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि धाकटा दीर संतराम धरणाची मासळी आणून सामाईक अंगणातल्या चुलीवर चढवायचा. बाईनं एक दिवस त्याचं पातेलं कालवणासकट उकिरड्यावर उलटं केलं. त्यानं विटा आणल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे भिंतीला ऐकवलेल्या शिव्या.

ती भिंत मानली नाही एकट्या भुरीनं. मांजरच ते. दूध अलीकडं, मासळी पलीकडं.

यंदा भुरीच्या हिरड्या सडल्या, लाळ गळायला लागली. संतराम भिंतीवरून म्हणाला, "माळकऱ्याच्या घरचं खाऊन वाळून राहिली." बाईनं तिकडं खरकटं पाणी फेकलं, अन् भुरीला टोपलीत घालून नांदेड गाठलं. डॉक्टरांनी गुंगी देऊन साऱ्या दाढा काढल्या. टाके आपोआप विरघळतील, औषध बराबर पाजा, मऊच खाऊ घाला; पण उपाशी राहू देऊ नका, मांजराच्या जिवावर बेततं, असं बजावलं.

घरी बाईनं दूधभात कुस्करला, वरण दिलं, तूप बोटावर धरलं. भुरीनं तोंड फिरवलं. औषधाची पिचकारी तेवढी कशीबशी पोटात गेली. दुसऱ्या दिवशी तिला धड उभं राहवेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मासळी उकडा, काटे काढा, कोमट असतानाच द्या. वासानं खाईल."

मंजुळाबाई बराच वेळ माळ चाचपत बसली. मग भुरीला पदरात घेऊन थेट दिराच्या उंबऱ्याशी.

"मासळी उकडा. बिनतिखटाची."

"काहून, वैनी? माळ काढली का?"

"भुरीला पाह्यजे. काटा राहिला तर तुमची मान मुरगाळीन."

संतराम कुरकुरला खरा, पण एकेक काटा उजेडात धरून काढला. बाई नाकाला पदर लावून भिंतीकडं तोंड करून उभी. मागून चपचप ऐकू आली, तेव्हा कुठं तिचे खांदे सैल पडले.

"शेवटी माझीच मासळी कामी आली ना," संतराम म्हणाला. "आता तरी भिंत पाडू का?"

मंजुळाबाईनं भुरीला उचललं.

"भिंत ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळी वाटी तिच्यावरच ठेवा, झाकून. अन् मीठ घालू नका, तुमच्या हाताला खोड हाय."