केशव मास्तरांची चार बोटं

पुण्याला कॉलेजात असल्यापासून बाबांचं पत्र मला महिन्याकाठी येतं. बाबांना अक्षर येत नाही. ते आमच्या पेठेत अडत्याच्या काट्यावर कापूस तोलतात, आणि पत्र तोंडी सांगतात. लिहायचे केशव मास्तर. म्हणून दीड महिन्यापूर्वी पत्र हाती आलं आणि वर माझं नाव परक्या अक्षरात दिसलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं. समजलं नाही. कापसाचा भाव आणखी पडला, असं पहिल्या ओळीत होतं. काळ्या बैलाचा खूर सुजला. विहिरीला पाणी खाली गेलं. आणि कागद संपता संपता, "मास्तर मेला. आता लिहाले माणूस नाही, म्हणून हे टपालवाल्याच्या हातचं आहे. अभ्यास कर."

मास्तरांबद्दल मी लिहावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, पण मास्तरांना ओळखणारे त्यांत कोणी नाहीत. आणि जे ओळखत होते त्यांना लिहिता येत नाही... हेही मास्तरांच्या वाट्याला आलेलंच एक फळ.

आमची पेठ अमरावतीहून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. मास्तर साताऱ्याकडून तिथं आले तेव्हा शाळा म्हणजे एकच लांब खोली होती, वर कौलं, पुढे ओसरी आणि कडुनिंब. एका भिंतीला काळा रंग देऊन त्यांनी स्वतः फळा केला. मी कुणब्याचा, तोलणाऱ्याचा पोरगा. मला पुढं शिकवा म्हणून ते बाबांकडे तीनदा आले. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "मास्तर, हा शिकला त काटा कोण धरीन?" मास्तर म्हणाले, "काटा कोणीही धरील. काट्यात खोट आहे की नाही, हे याला बघू द्या." बाबा हसले नाहीत. पण त्यांनी मला पाठवलं.

मग अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्यांच्या घरी कधी पितळी तांब्या नव्हता त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढली. पेठेत येणाऱ्या प्रत्येक गाडीवर पट्टी बसली, आणि त्या पैशाचं काय करावं हे ठरवायला पंचांची कमिटी झाली. मुख्य पंच गुलाबराव, बाबांचे मालक, पेठेतले सर्वांत मोठे अडते. त्यांना बाजाराच्या मैदानाला फरशी हवी होती, आणि कापूस ठेवायला छप्पर. मास्तरांना गाडीपट्टीतला काही हिस्सा शाळेसाठी हवा होता: गळकी कौलं बदलायला, आणि जमलं तर मुलींना वेगळं बसवायला एक पडवी.

मी सुटीत घरी आलो होतो. मास्तरांनी सुंदर अर्ज लिहून ठेवला होता. तो वाचून मीच म्हणालो, "मास्तर, इथं कागद कोणी ऐकत नाही. हात ऐकतात." आमच्याकडे कापसाचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं जण उपरण्याखाली हात घालतात, बोटं धरून भाव ठरवतात, बाहेरच्याला काही दिसत नाही. आणि एकदा ठरलेला सौदा कोणी मोडत नाही. मोडला तर त्याच्या दारात पुन्हा गाडी सुटत नाही. गुलाबराव कागद फाडतील, पण हाताचा शब्द मोडणार नाहीत, असं मला खरोखर वाटलं.

मग शाळेच्या ओसरीवर बसून मी मास्तरांना बोटांची खूण शिकवली. ते फार हळू शिकले. "नामदेवा, बाराखडी शिकताना तूसुद्धा इतकाच ठोंब्या होतास काय रे?"

"नाही मास्तर. तवा तुमच्या हाती छडी होती."

ते इतके हसले की खांद्यावरचं उपरणं खाली पडलं. माझ्या शिक्षकाला मी काही शिकवत होतो. त्या दुपारी माझ्यासारखा सुखी माणूस पेठेत दुसरा नसेल.

एक गोष्ट मात्र मी शिकवायची विसरलो. हात झाकण्याआधी, कशाचा सौदा आहे ते चार माणसांसमोर मोठ्यानं बोलायचं असतं. इतका कापूस, या गाडीचा, इतक्या वजनामागे; मग उपरणं. बोटं नुसता आकडा सांगतात. हा नियम मी चालायला लागलो तेव्हापासून पाहत होतो. म्हणूनच तो सांगायचा असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बैठक गुलाबरावांच्या ओसरीवर भरली. सगळे पंच होते, बाबा काट्याजवळ उभे होते. मास्तरांनी अर्ज काढला तसे गुलाबराव म्हणाले, "मास्तर, सारी पोरं वाचाले बसली त कापूस कोण वेचन? तुमी?"

"काहून नाही?" दुसरा म्हणाला. "मास्तरचा पंजा पहा. बायकांसारखा नरम हाय. बोंड दुखनार नाही."

हशा झाला. मास्तरांनी अर्ज घडी करून ठेवला आणि हात पुढे केला. "गुलाबराव, मग तुमच्या रीतीनं बोलू." पंच चकित झाले. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, परीक्षेला बसलेला मुलगा बघतो तसं. गुलाबरावांनी हातांवर उपरणं टाकलं. कशाचा सौदा ते कोणीच बोललं नाही. मला ते तेव्हाच दिसलं... पण तोंड उघडेपर्यंत उपरण्याखाली हात हलू लागले होते. मास्तरांनी आठ मागितले असावेत. रुपयातले आठ आणे, असं त्यांच्या मनात. थोडा वेळ ओढाताण झाली. मग मास्तरांचा चेहरा उजळला.

गुलाबरावांनी उपरणं झटकलं. "चार. ऐका हो सारे. शाळेची खोली चार महिने कापसाले देली. मास्तरनं हात देला."

"चार आणे," मास्तर म्हणाले. "रुपयातले चार आणे, शाळेला."

"आणे? आण्याचं कोण बोललं? मास्तर, चार बोटं धरली का नाही तुमी?"

"धरली, पण..."

"झालं मंग."

इतका हशा मी आमच्या पेठेत पुन्हा ऐकला नाही. रहीमभाई, ज्यांच्या गाड्या होत्या, तेवढे म्हणाले, "गुलाबराव, ये सौदा नाही, मस्करी हाय." "मस्करी त मस्करी," गुलाबराव म्हणाले, "पन झाली न." मी बाबांकडे बघितलं. नियम काय आहे ते बाबांहून जास्त कोणाला ठाऊक होतं? त्यांनी एक शब्द काढला असता तर सौदा मोडला असता. बाबा काट्याची साखळी सरळ करत राहिले. घरी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी बोललो असतो त उद्या काटा दुसऱ्याच्या हाती असता. अन तुह्या पुण्याचा खर्च? तो मास्तर देनार होता का?"

मास्तरांनी हाताचा शब्द पाळला. बाजाराची रीत पेठेत त्यांच्याइतकी प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी पाळली नसेल. खोली रिकामी करताना त्यांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि मुलांना सांगितलं, "हे पुसायचं नाही. चार महिन्यांनी इथूनच पुढे." मग कौलांपर्यंत कापूस भरला, आणि शाळा निंबाखाली आली.

त्यानंतरची पत्रं माझ्याजवळ आहेत. "मास्तर झाडाखाली शिकवते. गाडीवाले जाता जाता चार बोटं दाखवतात. पोरंबी दाखवतात." पुढच्या महिन्यात, "मास्तरचं डोकं फिरलं असं लोक म्हणतात. मलेबी तसंच वाटते." बाबा सांगत होते, समोर बसून मास्तर लिहीत होते. एक शब्द त्यांनी गाळला नाही, एक सुधारला नाही. स्वतःची थट्टा त्यांनी त्याच सुरेख, सारख्या उंचीच्या अक्षरात मला पाठवली. कागदाच्या कडेला स्वतःचं असं कधीच काही लिहिलं नाही. मी कडा नेहमी शोधायचो. मी स्वतः त्यांना पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? माझी चूक मला कळली आहे, एवढं लिहायला मला दोन वर्षं पुरली नाहीत.

चार महिने संपण्याआधी अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. खोलीतला कापूस उचलायच्या लायकीचा राहिला नाही, म्हणून गुलाबरावांनी तो उचललाच नाही. मास्तर दर महिन्याला विचारायला जात. "न्या की तुमीच," गुलाबराव म्हणत, "गादी भरा." मैदानाला फरशी झाली, तिच्यावर आता बकऱ्या बसतात. मुलं गळाली. मास्तर शाळेच्या ओसरीवरच राहत, दाराच्या फटीतून तंतू उडत राहत, आणि त्यांना खोकला लागला. शेवटच्या पत्राआधीच्या पत्रात अक्षर प्रथमच हललेलं होतं. त्यात बाबांनी सांगितलं होतं, "मास्तर लय खोकलते. लिहिता लिहिता थांबते, मले खोटी होते, काट्यावर जाले उशीर होते." तेही त्यांनी लिहिलं होतं.

गेल्या पंधरवड्यात मी घरी गेलो. मास्तरांची वळकटी आणि चार भांडी कोणीतरी नेली होती. त्यांना उशाला घ्यायला गुलाबरावांनी कापूस फुकट दिला, असं पेठेत अजून कौतुकानं सांगतात. मी शाळेचं दार ओढलं. कापूस पिवळा पडून दबून बसला होता. फळ्यावर काय लिहिलं होतं ते मी मुलांना विचारलं. एक म्हणाला गणित, एक म्हणाला कविता. एकालाही नक्की आठवत नव्हतं.

फळ्याची भिंत दाराला लागूनच आहे, हे मला ठाऊक होतं. मी कापसात हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. दिसत काही नव्हतं. बोटांना गार भिंत लागली. मी तसाच उभा राहिलो, एखादं अक्षर उमटलेलं लागतंय का बघत, बोटं फिरवत...

मागून बाबा म्हणाले, "नाम्या, काय करून राहिला? मालक पाहीन."

मी हात बाहेर काढला. चारही बोटांना खडू लागला होता.