हनुवटीने ऐकणारा हिरामण

तहसील कचेरीबाहेर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले, तरी मजकुराच्या बाबतीत मी कोणतीही हयगय खपवून घेत नाही आणि म्हणूनच लोक मला रावसाहेब म्हणतात. या टेबलापुढे हिरामण प्रथम आला तेव्हा त्याने नमस्कारही केला नाही. तो वाकला, टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकली आणि बोटाने फळीवर टकटक करू लागला. रांगेतली माणसे हसली.

"काय राव, झोप आली का?" मागून कोणीतरी विचारले.

"शिसव हाय, रावसाहेब," हिरामण डोळे मिटूनच म्हणाला. "लई दिसांनी असं लाकूड ऐकलं. आन् तुमी याच्यावर नुसतं कागद घासता व्हय?"

मी तो अपमान गिळला, कारण त्याचे काम खरोखरच निकडीचे होते. वडिलांच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला अर्ज हवा होता.

हिरामण पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घराण्यातला. शेतावर इमारती उठल्या. त्याच्या वाट्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि जिन्याखालची जागा उरली. चाकणच्या एका कारखान्यात तो ओतकामासाठी लाकडी साचे घडवीत असे. त्याचे वडील, अण्णा, हे एके काळचे बैलगाडा शर्यतीतले नावाजलेले गडी. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, आणि मोठा आवाज झाला की अंगाला झटके येत. त्यामुळे त्या घरात कुकर लागत नसे, डाळ पातेल्यात शिजे. अण्णांच्या धड हाताशी, खाटेच्या गजाला, त्यांच्याच बैलाच्या गळ्यातली लहान घंटी बांधलेली होती. ती किणकिणली की हिरामण हातातले टाकून उठे आणि म्हणे, "आलो."

दाखल्याच्या निमित्ताने माझे तिथे जाणे-येणे सुरू झाले, आणि पाहतो तो अशा घरात या गृहस्थाने इलेक्ट्रिक गिटार घडवायला घेतली होती! मला ते विपरीत वाटले.

"अवो, हीच तर मुकी असती," त्याने मला समजावले. "हिच्या पोटात पोकळी न्हाई, समदं भरीव. अँप जोडला तर गल्ली हलवील, न्हाई जोडला तर माशी घोंगावल्यागत."

तिच्या लाकडावर हनुवटी टेकून तो तारा छेडी, म्हणजे सूर हाडातून कानी जाई. हेडफोन लाव, असे मी सुचवले. "मग घंटी कशी ऐकू यील?" त्याने विचारले. "एक डाव हिला पुऱ्या आवाजात ऐकायची," तो नेहमी म्हणे. "बास. मग खुशाल खुंटीला टांगतो."

गिटारीचे धड सागवानी होते. मान मात्र अण्णांच्या शर्यतीच्या गाड्याच्या दांडीतून काढलेली. दांडी खाटेवर ठेवून त्याने विचारले होते आणि अण्णांनी तिच्यावरून हात फिरवून डोळे मिटले होते. तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकाभोवती केसाएवढी तांब्याची तार त्याने बायकोच्या, शांताबाईंच्या, शिलाई मशीनवर गुंडाळली. मान धडाला जोडण्याच्या दिवशी सरस लावून झाला, क्लॅम्प आवळायचा एवढ्यात घंटी वाजली. अण्णांना कूस बदलून हवी होती. हिरामण परतेपर्यंत सरस धरला होता आणि मान वाकडी बसली होती. ती त्याने करवतीने उतरवली व पुन्हा आरंभ केला.

"जरा थांबला असतास," मी म्हणालो.

"सरस न्हाई थांबत, अण्णा बी न्हाई थांबत. थांबायला मी एकटाच हाय."

गिटार पूर्ण झाली तेव्हा ताथवड्यातल्या माझ्या मेहुण्याच्या रिकाम्या गाळ्यात ती पुऱ्या आवाजात वाजवण्याची मी जातीने व्यवस्था केली. अँप गुरगुरला, हिरामणने हात उचलला आणि त्याचा फोन वाजला. शांताबाई होत्या. "अवो, अण्णा सारखी घंटी वाजवत्यात. माझ्या एकटीच्यानं उचलत न्हाईत."

"आलो."

"भावा," मेहुणा हसत म्हणाला, "म्हाताऱ्याला जाऊ दे, मग रोज वाजव की!"

हिरामण वायर गुंडाळीत होता. त्याने मान वर केली नाही. "ह्ये परत बोलू नका, दाजी. माझ्या बी रोज मनात येतंय, म्हणून सांगतो."

त्यानंतर कित्येक महिने गिटार खुंटीवरून उतरली नाही.

गेल्या थंडीत अण्णा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी भेटीस गेलो. खाट रिकामी होती, घंटी तिथेच होती. शांताबाईंनी गिटार स्वतः उतरवून नवऱ्याच्या हाती दिली. "वाजवा की आता. कोण आडवतंय?" एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्याने अँप जोडला. पहिल्याच सुराने खिडकीची तावदाने थरथरली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू ओरडला, "एक नंबर, भाऊ!" हिरामणने दचकून तारांवर पंजा ठेवला.

"ह्यो कुनाचा आवाज?" त्याने मला विचारले. "माझा न्हाई ह्यो."

त्याने वायर उपसली, हनुवटी टेकली, तार छेडली आणि त्याचा चेहरा निवला. "ह्यो बगा माझा. या, ऐका." माझ्या वयाचा व व्यवसायाचा विचार क्षणभर बाजूस ठेवून मी वाकलो आणि त्याच्या शेजारी हनुवटी टेकली. माझ्या कवटीत कोणीतरी दूरवर, अतिशय सावकाश गात होते.

एवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. त्या घरात इतक्या वर्षांत झालेली पहिलीच. हिरामणने गिटार खाली ठेवली आणि तो ताडकन उठला.

"आलो," तो म्हणाला, आणि रिकाम्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.